काढ्याची पुडी आधी टेबलावर उघडून ठेवा

पत्र

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही गेली ११ वर्षं सिंगापूरला सेंगकांगमध्ये राहतो. माझ्या सासूबाई (वय ७१) सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रोमही घेतात. दोन वर्षांपासून पाय जळतात, मुंग्या येतात, रात्री चादर पायाला लागली तरी सहन होत नाही. त्यासाठी प्रीगॅबालिन ७५ रोज रात्री एक, दीड वर्षापासून तीच. रात्री दोन-अडीचला उठून त्या बाथरूमच्या गार फरशीवर पाय टेकून बसतात. मला जाग आली की म्हणतात, "तू झोप गं, तुला सकाळी ऑफिस आहे."

शेजारच्या चिनी आंटी मला चायनाटाउनमधल्या त्यांच्या सिनसेहकडे घेऊन गेल्या (इथं चिनी वैद्यांना सिनसेह म्हणतात). आई बरोबर नव्हत्या. सिनसेहनी इतर औषधांबद्दल विचारलं, पण आंटींमार्फत बोलताना मी फक्त "शुगरच्या गोळ्या" एवढंच सांगितलं. त्यांनी सात दिवसांच्या सात पुड्या आणि पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायला वेगळी पूड दिली. चिठ्ठीवरची नावं आंटींनी वाचून दाखवली, ती अशी: हुआंग ची, गुई झी, बाई शाओ, शेंग जियांग, दा झाओ, दांग गुई, दान शेन, दी लोंग, झी च्वान वू. आंटी म्हणतात, सगळं एकत्र अर्धा तास उकळायचं.

यांना सांगितलं तर लगेच "नको" म्हणतील. आई माळकरी आहेत, बाहेरचं काही खात नाहीत, पण आयुर्वेदिक काढा म्हणून दिला तर आनंदानं घेतील. दोन आठवडे देऊन पाहू का? फरक पडला की मग सगळ्यांना सांगेन.

— एक सून, सिंगापूर

उत्तर

सस्नेह नमस्कार.

ही पुडी आईंना देऊ नका. तुमचं पत्र वाचून होईपर्यंत एखादी दिली गेली असेल तर दुसरी देऊ नका, आणि खालचा ॲसिट्रोमचा भाग आधी वाचा.

तुमच्यावर रागावण्यासारखं यात काही नाही. सासूच्या पायांसाठी अडीच वाजता उठणारी सून, नोकरीतून वेळ काढून परक्या भाषेतल्या वैद्याकडे जाऊन बसते, नावं लिहून घेते, आणि द्यायच्या आधी विचारते. तुम्ही ती नावं लिहून पाठवलीत म्हणून मला नेमकं उत्तर देता येतंय. बहुतेक पत्रांत "एक चिनी औषध" एवढंच असतं.

त्या वेदनेबद्दलही एक सांगते. चादर पायाला लागली तरी सहन होत नाही, हे ऐकणाऱ्याला नाटक वाटू शकतं. ते नाटक नाही. मधुमेहात पायांच्या बारीक नसा खराब होतात आणि नुसत्या स्पर्शाचा निरोपही वेदना म्हणून मेंदूकडे पोचवू लागतात. रात्री दिवसभराचा गोंगाट, काम, बोलणं थांबतं आणि ती जाणीव एकटीच उरते. गार फरशीवर पाय टेकणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले आहेत. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही हे ठाऊक होतं. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची सुप्तता आणि दाह, म्हणजे बधिरपणा आणि जळजळ, ही जोडी स्पष्ट सांगितली आहे.

आता तुमची यादी. त्यातली पहिली पाच नावं एका गटातली आहेत आणि शेवटची चार वेगळी. हा फरक कळला की बाकीचं आपोआप उलगडेल.

हुआंग ची, गुई झी, बाई शाओ, आलं आणि लाल बोरं. हे पाच घटक मिळून हुआंग ची गुई झी वू वू तांग नावाचा काढा होतो. तो फार जुना आहे. साधारण इ.स. २०० च्या सुमाराला, हान घराण्याच्या अखेरच्या काळात, झांग झोंगजिंग नावाच्या वैद्यानं तो लिहून ठेवला. त्याच्या 'जिनग्वे याओल्युए' या ग्रंथात अंग बधिर होण्याच्या एका दुखण्यावर हा काढा येतो. त्या दुखण्याला तो 'श्वे बी' म्हणतो, म्हणजे रक्ताचा अडथळा. ते कुणाला होतं याचं वर्णनही त्यानं केलंय: मानमरातबात राहणारी, हाडांनी अशक्त पण अंगानं भरलेली माणसं, जी थकली की घामाघूम होतात आणि झोपेत जराशी वाऱ्याची झुळूक लागली की आजारी पडतात. मापंही दिली आहेत. हुआंग ची, गुई झी आणि बाई शाओ प्रत्येकी ३ ल्यांग (तिथलं जुनं वजनाचं माप), आलं ६ ल्यांग, बोरं १२. सहा माप पाण्यात उकळून दोन माप उरवायचं आणि दिवसातून तीनदा कोमट घ्यायचं. आल्याचं माप बाकीच्यांच्या दुप्पट आहे. आपल्या काढ्यातही आल्याला किती मान असतो, ते वेगळं सांगायला नको.

एक पुडी वर्तमानपत्रावर उघडून बघा, म्हणजे हे पाच तुम्हाला ओळखता येतील. लांबट, पिवळसर, आइस्क्रीमच्या काडीसारखे काप ते हुआंग ची. तपकिरी-लालसर काड्यांचे तुकडे, ज्यांना दालचिनीचा वास येतो, ते गुई झी. चिनी दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या असतात त्या. पांढरट गुलाबी गोल चकत्या म्हणजे बाई शाओ, पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ. आलं ओळखूच येईल. पुडीत नसलं तर ते घरचं ताजं घालायला सांगितलं असेल. आणि ती सुरकुतलेली लाल फळं खजूर नाहीत, आपल्या बोराच्याच घराण्यातली आहेत. चीनमध्ये, तैवानमध्ये, सिंगापूरमध्ये मधुमेहात बधिर झालेल्या पायांसाठी आजही सिनसेह हाच काढा पाया म्हणून धरतात. तेव्हा तुमच्या आंटी तुम्हाला कुठल्या भोंदूकडे घेऊन गेल्या नाहीत, हे मनात ठेवा. त्या वैद्यांनी इतर औषधांबद्दल विचारलंही होतं. उत्तर अर्धं मिळालं आणि त्या अर्ध्या उत्तरावर त्यांनी पुढची चार औषधं वाढवली.

त्या चारांतलं दी लोंग आधी घेते. त्याचा शब्दशः अर्थ 'जमिनीतला ड्रॅगन'. ते गांडूळ आहे. उभं चिरून, साफ करून, वाळवलेलं. पुडीत चपट्या, तपकिरी, कातड्यासारख्या पट्ट्या दिसतील, कडेला किंचित वळलेल्या. चिनी औषधात ते नवल नाही. तिथं ते 'वाटा मोकळ्या करणारं' मानतात आणि बधिरपणाच्या काढ्यात सर्रास घालतात. पण तुमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी आयुष्यभर ताटात काय येतं ते पाहून खाल्लं आहे. आयुर्वेदिक म्हणून त्यांना हा काढा दिला आणि महिन्याभरानं, सांगलीला परतल्यावर, बोलण्याच्या ओघात कुणाच्या तोंडून हे निघालं, तर काय होईल? औषधाचा गुण आला असला तरी तुमच्या हातचं पाणीसुद्धा त्या आधीच्या मनानं पिणार नाहीत. तुम्हाला हे माहीत नव्हतं, मान्य. पण लपवून द्यायचं ठरवलं की असंच होतं: ज्याला खरं काय ते ओळखून "थांब" म्हणता आलं असतं, त्यालाच आपण बाजूला ठेवतो.

आता ॲसिट्रोम. हे नाव सिंगापूरच्या वैद्याला किंवा डॉक्टरला ओळखीचं असेलच असं नाही, कारण या जातीतली तिथली ओळखीची गोळी म्हणजे वॉरफरिन. ॲसिट्रोम म्हणजे असेनोकुमारोल, वॉरफरिनचंच सख्खं भावंड. हृदयाचे ठोके अनियमित पडले की आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. ते टाळायला ही गोळी असते. तिचं काम नेमक्या पट्ट्यात राहावं म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी वारंवार करतात, आणि आईंच्या आजारात तो आकडा सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. दांग गुई आणि दान शेन या दोन वनस्पतींनी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांचा आयएनआर वर गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि या दोन्ही तुमच्या पुडीत आहेत. दांग गुईला ओव्याच्या जातीचा उग्र वास येतो, दान शेन विटेसारखं लाल असतं. त्यात प्रीगॅबालिननं रात्री जरा गुंगी येते आणि त्या गुंगीत अंधारात उठून आई बाथरूमला जातात. पाय घसरला आणि डोक्याला मार लागला, आणि त्या वेळी रक्त गरजेपेक्षा पातळ असलं, तर काय होतं ते मी अतिदक्षता विभागात पाहिलं आहे.

एखादी पुडी गेली असेल तर उद्याच जवळच्या क्लिनिकमध्ये आयएनआर करून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, शौचाला काळं होणं, किंवा पडल्यानंतर डोकं दुखणं यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत.

चौथं नाव, झी च्वान वू. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. च्वान वू म्हणजे ॲकोनाइट. आपल्याकडे ज्याला बचनाग किंवा वत्सनाभ म्हणतात, त्याच कुळातलं. आयुर्वेदातही ते वेदनेवर वापरतात आणि आधी गोमूत्रात किंवा दुधात शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. चिनी वैद्यकातही तसंच: नावापुढचं 'झी' म्हणजे प्रक्रिया केलेलं. पण प्रक्रिया झाली तरी विष पूर्ण जातंच असं नाही. ते दीर्घ उकळीनं मोडतं, म्हणून जाणकार सिनसेह च्वान वू आधी वेगळं, तासभर किंवा जास्त उकळायला सांगतात आणि बाकीच्या वनस्पती नंतर घालतात. तुमच्या आंटींनी सगळं एकत्र अर्धा तास सांगितलं. ही चूक कुणाकडून झाली हे शोधत बसू नका. चिठ्ठीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असेल.

मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री साठीचे एक शेतकरी आले होते. कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळांवर कुणीतरी दिलेलं मुळीचं चूर्ण त्यांनी घेतलं होतं. स्ट्रेचरवर झोपूनसुद्धा ते सारखे बोटांनी ओठ चाचपत होते. "ओठ माझे वाटत नाहीत," एवढंच म्हणत होते. आधी ओठ-जीभ, मग हाताची बोटं, आणि पाऊण तासात ईसीजीच्या कागदावर ठोक्यांची रेघ अशी वेडीवाकडी धावायला लागली की आमचे वरिष्ठ डॉक्टर बोलायचे थांबले. ते शेतकरी वाचले. दोन दिवसांनी चहा मागितला. त्यांच्या खिशातल्या पुडीत बचनाग होता. मुंग्या आणि बधिरपणा ही ॲकोनाइटच्या विषबाधेची पहिली खूण असते. ज्या बाईला आधीच मुंग्या येतात, तिच्यात ही खूण कोण ओळखणार? आणि ठोके बिघडवणारं हे विष आईंच्या आधीच अनियमित असलेल्या हृदयाला द्यायचं? कितीही वेळ उकळलं तरी हे औषध त्यांच्यासाठी नाही.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल: मग शेवटची चार काढून टाकली आणि नुसते जुने पाच ठेवले, तर गुण येतो का? प्रामाणिक उत्तर असं की कळण्याजोगा पुरावा नाही. मधुमेही पायांच्या दुखण्यावर चिनी वनस्पतींचा जो पद्धतशीर आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१३ मध्ये घेतला, त्यात ४९ चाचण्या होत्या, साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण होते. बहुतेकांत गुण दिसला असं लिहिलं होतं, पण चाचण्या इतक्या ढिसाळ होत्या की आढावा घेणाऱ्यांनी त्यांवरून परिणाम किंवा सुरक्षितता सिद्ध होत नाही असं सांगितलं. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही खरं औषध कोणतं आणि खोटं कोणतं हे माहीत नाही, अशी नीट चाचणी त्यात एकही नव्हती. अशी चाचणी का लागते, याचं उदाहरण जपानमध्ये घडलं. कर्करोगाच्या ऑक्सॅलिप्लॅटिन औषधानं हातपाय बधिर होतात; त्यावर गोशाजिंकिगान हा चिनी मुळाचा दहा घटकांचा काढा लहान अभ्यासांत आशादायक वाटला होता. मग खऱ्या-खोट्या औषधाची नीट तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ती मध्येच थांबवावी लागली, कारण काढा घेणाऱ्यांचा त्रास उलट जास्त निघाला. वनस्पतींत काही दम नसतो असं मी म्हणत नाही. यान हु सुओ नावाच्या चिनी कंदातून वेदना कमी करणारा एक घटक संशोधकांनी २०१४ मध्ये वेगळा केला, आणि उंदरांमध्ये तो नसांच्या वेदनेवरही चालला. पण उंदरापासून सांगलीच्या ७१ वर्षांच्या बाईपर्यंतचा रस्ता लांब असतो.

इथवर नको-नको झालं. आता मला जे खरं सांगायचं आहे ते. तुमच्या पत्रात काही गोष्टी मला अशा दिसल्या ज्यांनी काढ्याशिवायही आईंची रात्र बदलू शकते.

पहिली म्हणजे बी-१२. आई माळकरी, म्हणजे आयुष्यभर शाकाहारी. त्यात १६ वर्षांचा मधुमेह आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ शरीरात कमी शोषलं जातं, आणि बी-१२ कमी झालं की पाय जळतात, मुंग्या येतात, तोल जातो. तेच सगळं, जे आपण डोळे झाकून मधुमेहाच्या नावावर टाकतो. आपल्या लोकांत ही कमतरता किती पसरली आहे ते पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाखवलं आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ ची पातळी अधूनमधून तपासावी, असं आता मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. आईंची कधी तपासली का, हे विचारा. तपासण्याआधी प्रीगॅबालिनचं पाकीट उलटून बघा. भारतात ही गोळी पुष्कळदा मिथाइलकोबालामिनबरोबर, म्हणजे बी-१२ च्याच एका रूपाबरोबर, एकत्र मिळते. तसं असेल तर रक्तातला आकडा वरवर ठीक दिसेल, पण तेवढ्यानं उणीव भरून निघालीच असेल असं नाही. डॉक्टरांना ते पाकीट दाखवा. कमी निघालं तर इंजेक्शनं देता येतात, पण ॲसिट्रोम चालू असताना स्नायूत की कातडीखाली, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

दुसरी, मात्रा. प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री एक ही बहुतेकांसाठी सुरुवात असते. मूत्रपिंडाचं काम तपासून, गुंगी किती येते ते पाहून ती टप्प्याटप्प्यानं वाढवायची असते. दीड वर्ष तीच गोळी चालू आहे, म्हणजे बहुधा ती कुणी वाढवलीच नाही. आईंनी "दुखतंय" म्हणून सांगितलंच नसेल. "तू झोप गं" म्हणणारी बाई डॉक्टरसमोरही "बरंय" म्हणते. हे वाढवणं तुम्ही घरी करायचं नाही. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची, तपासणी करून डॉक्टरनं करायचं आहे. दुसरी औषधंही आहेत, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. पहिलं हृदयाच्या ठोक्यांमुळे त्यांना जपून द्यावं लागेल आणि दुसरं ॲसिट्रोमबरोबर रक्तस्राव वाढवू शकतं, पण हा हिशेब समोर बसून होऊ शकतो. कोणत्याही औषधानं वेदना पूर्ण जात नाही, हे आईंना आधी सांगा. ती निम्म्यावर आली आणि सलग चार तास झोप लागली, तर ते मोठं यश आहे.

तिसरी गोष्ट, पाय बुडवायची पूड. ती वापरू नका. आत काय आहे यापेक्षा गरम पाणी हाच मुद्दा आहे. ज्या पायांना चादर बोचते त्याच पायांना गरम कळत नसेल. विचित्र वाटतं, पण एकाच पायात दोन्ही असतं. सांधे शेकायची आपली सवय इतकी खोल आहे की भाजलेले फोड घेऊन आलेले मधुमेही पाय मी दर हिवाळ्यात पाहिले. पाय कोमट पाण्यानं धुवा, पाणी तुम्ही कोपरानं तपासा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि रोज रात्री तळवे दिव्याखाली पाहा. घरात अनवाणी नको, बाथरूमच्या फरशीवर तर मुळीच नको.

तुमच्या यजमानांना कसं सांगायचं, हा तुमचा खरा अडसर आहे असं मला पत्रातून वाटतं. काढ्यापासून सुरुवात करू नका. "आई रोज रात्री अडीचला बाथरूममध्ये बसतात, तुम्हाला ठाऊक आहे का?" इथून करा. बहुतेक मुलांना हे ठाऊक नसतं. मग पुडी टेबलावर उघडा, मी लिहिलेली नऊ नावं दाखवा, आणि आईंनाही तिथंच बसवा. पाय त्यांचे आहेत. त्यांच्या वतीनं तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि त्यांना काढा म्हणून काय पाजलं हे त्यांनाच कळू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. त्यांनी आयुष्यात यापेक्षा अवघड निर्णय घेतले असतील.

हे सगळं करून झाल्यावर, बी-१२ आणि मात्रा दोन्ही नीट झाल्यावरही आईंना स्वतःला त्या जुन्या पाच घटकांच्या काढ्याचा प्रयोग करावासा वाटला, तर? ॲसिट्रोम चालू असताना मी तो स्वतःहून सुचवणार नाही. त्यात आलंही भरपूर आहे, आणि इतक्या मोठ्या मात्रेत त्याचाही रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी संबंध येऊ शकतो. पण मोठं माणूस समजून-उमजून करू पाहत असेल, तर दार लावून घेण्यापेक्षा पायऱ्या आखलेल्या बऱ्या. सिनसेह सिंगापूरच्या टीसीएम (पारंपरिक चिनी वैद्यक) मंडळाच्या नोंदवहीत आहेत ना, ते ऑनलाइन पाहा. २००० च्या कायद्यानं तिथं चिनी वैद्यांची नोंदणी सक्तीची आहे. आईंना प्रत्यक्ष घेऊन जा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि ॲसिट्रोमच्या पाकिटावर मार्करनं 'वॉरफरिनसारखं' असं इंग्रजीत लिहा. मागा फक्त तेच पाच; एकही जास्त नको, प्राणिज काही नको, आणि हे चिनी अक्षरांत लिहून घ्या. सुरुवात करण्याआधी, चार-पाच दिवसांनी आणि मग दर आठवड्याला आयएनआर. साखरही घरच्या यंत्रावर जास्त वेळा बघा, ग्लिमेपिराइड असल्यामुळे साखर अचानक खाली उतरू शकते. एका वहीत रोज सकाळी आईंनीच वेदनेचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. सहा आठवड्यांत आकडा हलला नाही तर बंद.

आणि सांगलीला जायच्या आधी निदान तीन आठवडे बंदच. कारण काढा चालू असताना ॲसिट्रोमची मात्रा कुणी त्यानुसार बदलली, आणि मग सांगलीत पुड्या संपल्या, तर आयएनआर उलट्या दिशेनं जाईल. तिथल्या डॉक्टरांना कारण कळणार नाही, कारण त्यांना पुडीबद्दल कुणी सांगितलेलं नसेल.

एक गोष्ट आणखी, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कुठलीही वनस्पती दोन दिवसांत वेदना गायब करत असेल, तर आनंदाआधी शंका यावी. अशा 'जादूच्या' गोळ्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेली सापडली आहेत. सिंगापूरमध्येच २००८ मध्ये काही बेकायदा वनौषधी गोळ्यांत मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड निघालं. पाच महिन्यांत १५० माणसं साखर कोसळून रुग्णालयात आली आणि त्यांतली चार वाचली नाहीत. ती गोळी वेगळ्याच कामासाठी विकली जात होती, पण मिसळणाऱ्याला त्याचं काही नसतं. आंटींनी पुढे कधी तयार गोळ्यांची बाटली आणून दिली तर तिच्यावरची नोंद तिथल्या औषध प्राधिकरणाच्या यादीत आहे का, ते पाहिल्याशिवाय हातात घेऊ नका. आंटींचे आभार मात्र जरूर माना. शेजारणीच्या सासूसाठी इतकं करणारी माणसं परदेशात सहज मिळत नाहीत. त्यांना सांगा की आईंच्या रक्ताच्या गोळीमुळे डॉक्टरांनी थांबवलं आहे. हेच खरं आहे, आणि त्यांना ते लगेच समजेल.

तपासण्या व्हायला दोन-चार दिवस जातील. आज रात्रीसाठी एक करा. मध्यम आकाराचा एक पुठ्ठ्याचा खोका घ्या, दोन बाजू कापून त्याचा बोगदा करा, आणि तो गादीच्या पायथ्याशी ठेवून त्यावरून चादर टाका. पाय आत, चादर वर, कापड कुठंही टेकत नाही. उशाशी टॉर्च ठेवा, आणि बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा. रुग्णालयात यासाठी लोखंडी चौकट मिळते. घरी खोक्यावर भागतं. बी-१२ चा आकडा आला की मला कळवा.